पुलाखालची जमीन कोणाची? मनसर-खवासा रस्त्याचं प्रकरण

नागपूरहून सिवनी-जबलपूरकडे निघालात की मनसर सुटल्यावर थोड्या वेळानं रस्ता मधेच उचलला जातो, गाडीतल्या माणसाला वाटतं खाली नदी असेल, पण खाली नदी नसते, कधी एखादा कोरडा नाला असतो आणि कधी तोही नाही, नुसतं सागाचं जंगल. तो रस्ता जनावरांसाठी उचललाय. वरून आपण जायचं, खालून त्यांनी. मी या रस्त्यानं कितीतरी वेळा गेलोय पण खाली उतरून बघायचा योग दोन वर्षांपूर्वी आला, रीतसर परवानगी काढून एका बीट गार्डबरोबर, फेब्रुवारीतल्या सकाळी.

खाली गेल्यावर पहिल्यांदा काय जाणवतं तर आवाज. ट्रक पुलाच्या जॉइंटवरून गेला की धड-धड असे दोन ठोके पडतात, मग शांत, मग परत दोन ठोके. जमिनीवर बारीक माती साचलेली आणि त्या मातीत सगळी हजेरी लागलेली. चितळांच्या खुरांचे ठसे तर इतके की एकावर एक पडून कळेनासे झालेले, एका कडेनं रानडुकरांनी उकरलेलं, आणि मधोमध, सरळ रेषेत, अजिबात घाई न करता चालत गेलेल्या एका वाघाचे पगमार्क. गार्ड उकिडवा बसला, ठशाशेजारी काडी ठेवली, मोबाईलवर फोटो काढला. खांबाला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा ट्रॅप बांधलेला होता. त्याच मातीत थोडं पुढं शेणाचे पो पण पडलेले होते, म्हणजे गावची गुरंही इथूनच जातात.

मग मी त्याला विचारलं, ही जमीन कोणाच्या ताब्यात येते? तो उठला आणि हातानं दाखवायला लागला, "हे इथपर्यंत आमचं भाऊ, वरचा पूल हायवेवाल्यांचा, तिकडं नाल्याच्या पलीकडं वनविकास महामंडळाचं जंगल, अन् त्या मोहाच्या झाडाच्या मागून शेती लागते." एक वाघ सकाळी जेवढं अंतर चालून गेला तेवढ्यात चार मालक. मला या प्रकरणाबद्दल जे सांगायचंय ते सगळं त्याच्या त्या हातवाऱ्यात आलं होतं. पूल बांधून झालेत, आणि चांगले झालेत, पण पुलाच्या दोन्ही तोंडांपाशी जी जमीन आहे तिचं काय करायचं हे ज्यांच्या हातात आहे ती माणसं एका टेबलाशी नियमानं बसतच नाहीत.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण ते माहीत नसेल तर पुढचं नीट कळत नाही. हा रस्ता म्हणजे जुना एनएच-७, वाराणसी ते कन्याकुमारी, आताच्या नंबरानं एनएच-४४. उत्तर-दक्षिण महामार्ग कॉरिडॉरमध्ये त्याचं चौपदरीकरण ठरलं, आणि नागपूर-सिवनी पट्ट्यात तो पेंचच्या जंगलातून आणि पेंच-कान्हा यांना जोडणाऱ्या जंगलातून जातो. पेंच दोन राज्यांत आहे हे बाहेरच्या लोकांना बरेचदा माहीत नसतं. मध्य प्रदेशातला पेंच व्याघ्र प्रकल्प १९९२ चा, आपल्याकडचं राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये आणि व्याघ्र प्रकल्प १९९९ मध्ये झाला. नदी एक, जंगल एक, तोतलाडोह धरणाचं पाणी दोघांचं, पण फील्ड डायरेक्टर दोन, वनखाती दोन, कामकाजाच्या भाषा दोन. खवासापाशी राज्य बदलतं. चितळाला ते कळायचं काही कारण नाही.

जनावरांचा कॉरिडॉर, म्हणजे दोन जंगलांना जोडणारी वाट, कशाला लागतो हे पण एकदा सांगून टाकतो. दोनेक वर्षांचा नर वाघ आईपासून सुटला की त्याला स्वतःचा इलाखा शोधावा लागतो, आणि पेंचसारख्या जंगलात चांगल्या जागा आधीच भरलेल्या असतात, मग तो चालायला लागतो. कान्हा आणि पेंचमधल्या वाघांच्या विष्ठेतून डीएनए काढून झालेल्या अभ्यासांत दिसलंय की या दोन जंगलांत अजून देवाणघेवाण चालू आहे, म्हणजे वाघ खरंच येतात-जातात आणि पिल्लं होतात. हे थांबलं तर प्रत्येक जंगल एक बेट होतं आणि बेटावरचे वाघ काही पिढ्यांत आपापसातच जोडी जमवायला लागतात. आणि वाघ किती चालतो म्हणाल तर टिपेश्वर अभयारण्यातला तो रेडिओ कॉलर लावलेला नर आठवा, २०१९ मध्ये निघाला, यवतमाळातून तेलंगणात जाऊन परत आला, शेतं, नाले, रस्ते ओलांडत शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला, सगळी मिळून ३ हजार किलोमीटरच्या वर चाल. त्या वाटेत अभयारण्य किती होतं? अगदी थोडं. बाकी सगळी कुणाची ना कुणाची शेती, कुणाची ना कुणाची ग्रामपंचायत.

तर चौपदरीकरणाला विरोध झाला. मध्य प्रदेशातल्या भागावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात आणि कोर्टाच्या केंद्रीय सक्षम समितीपुढं गेलं, रस्ता छिंदवाड्याकडून वळवावा असाही पर्याय पुढं आला होता. त्यात वर्षं गेली आणि मधल्या काळात रस्त्याची जी काही दशा झाली ती ज्यांनी तेव्हा गाडी चालवलीय त्यांना सांगायची गरज नाही. खड्डे एवढे की वाटेतल्या देवलापारपर्यंत पोचायला जीव नकोसा व्हायचा, ट्रक कलंडायचे, ॲम्ब्युलन्स अडकायच्या. मनसर ते खवासा या साधारण ३७ किलोमीटरच्या तुकड्यासाठी मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. इकडं पर्यावरणवाले राष्ट्रीय हरित लवादाकडं गेले. २०१५ मध्ये झाडं तोडायला सुरुवात झाली तेव्हा परिस्थिती अशी होती की एका ठिकाणी रस्ता लवकर करा म्हणून सुनावणी आणि दुसऱ्या ठिकाणी झाडं तोडू नका म्हणून सुनावणी.

मला दोन्ही बाजूंची माणसं तेव्हाही बरोबर वाटायची. देवलापारच्या माणसाला नागपूरच्या दवाखान्यात वेळेत पोचायचा हक्क आहे, यात वाद काय? आणि वाघाची वाट बंद करायचा हक्क कोणालाच नाही. चूक असेल तर ही, की दोन्ही गोष्टी एकाच कागदावर पहिल्या दिवशीच मांडून बसायला हवं होतं, ते न झाल्यानं सगळं कोर्टावर गेलं.

कायद्यात तशी सोय आहे, आणि ती वाचली तर वाटतं किती विचार करून लिहिलंय. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं वनं आणि वन्यप्राणी समवर्ती सूचीत गेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांची जबाबदारी. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ मध्ये व्याघ्र प्राधिकरणाचा भाग आला, त्यातलं कलम ३८-ओ म्हणतं की व्याघ्र प्रकल्पच नाही तर दोन प्रकल्पांना जोडणारी क्षेत्रंसुद्धा निसर्गाला न पेलणाऱ्या कामांसाठी वळवता येणार नाहीत, सार्वजनिक हित असेल तरच, आणि तेही राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मंजुरी आणि प्राधिकरणाचा सल्ला घेऊन. कलम ३८-व्ही म्हणतं राज्यानं व्याघ्र संवर्धन आराखडा करावा आणि त्यात जोडणाऱ्या जमिनींवर काय चालेल तेही ठरवावं, तिथल्या लोकांच्या पोटापाण्याचा विचार करून. आणि ३८-यू मध्ये राज्याच्या सुकाणू समितीची तरतूद आहे, अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री. म्हणजे टेबल कायद्यानं दिलेलंच आहे, त्याभोवती बसायचं तेवढं राहिलंय.

पण कॉरिडॉरची अडचण अशी की तो सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो. राष्ट्रीय उद्यानाला अधिसूचना असते, सीमा असते, दगड असतात. कॉरिडॉर नकाशावर असतो. २०१४ मध्ये व्याघ्र प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेनं मिळून देशातल्या वाघांच्या ३२ प्रमुख कॉरिडॉरचा अहवाल काढला, कान्हा-पेंच त्यात आहे, पण गावच्या तलाठ्याला विचारा, त्याच्या दप्तरात तसलं काही नाही. त्याच्या दप्तरात गट नंबर आहेत आणि मालकाची नावं आहेत, आणि जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करायचा अर्ज आला की तो त्या दप्तरावरूनच पुढं सरकतो.

पूल कसे झाले तेही सांगायला पाहिजे कारण इथं खरोखर सहकार्य झालं, कोर्टाच्या धाकानं का होईना. वन्यजीव संस्थेच्या लोकांनी कुठून जनावरं ओलांडतात ते जागेवर अभ्यासून सांगितलं, किती लांबीचे पूल लागतील ते सांगितलं. महामार्ग प्राधिकरणाचा प्रश्न खर्चाचा होता, लांबी वाढली की खर्च वाढतो हे उघड आहे, आणि बराच काळ भांडण त्या मीटरांवरच चाललं. वनखातं, व्याघ्र प्राधिकरण, महामार्गवाले यांच्यात बैठका झाल्या, जागेवर पाहण्या झाल्या, आणि शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला जंगलातून जाणाऱ्या सुमारे १६ किलोमीटरमध्ये ९ रचना झाल्या, ५ जनावरांसाठीचे अंडरपास आणि ४ छोटे पूल. सगळ्यात लहान ५० मीटरचा, सगळ्यात मोठे ७५० मीटरचे. पाऊण किलोमीटर रस्ता अख्खा उचललेला. आपल्या देशात तोपर्यंत जनावरासाठी म्हटलं की एखादी मोरी मोठी करून दिली जायची, त्या हिशेबानं ही फार मोठी उडी होती.

आणि त्याचा उपयोग झाला का, तर झाला. संस्थेनं पुलांखाली कॅमेरे लावून २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर मोजलं, १८ जातींचे वन्यप्राणी खालून गेलेले सापडले. सगळ्यात जास्त चितळ, पण रानकुत्र्यांचे कळप गेले, बिबटे गेले आणि पट्ट्यांवरून ओळखता येतील असे ११ वेगवेगळे वाघ गेले. कितीतरी जण म्हणत होते की वाघ काँक्रीटखालून कधी जाणार नाही, त्यांना उत्तर मिळालं. मी तर म्हणेन या रस्त्यावर सगळ्यात चांगलं काय झालं असेल तर हे मोजणं, कारण त्यामुळे पुढच्या प्रत्येक प्रकल्पात कोणी "उपयोग होत नाही" म्हणालं की पुढ्यात ठेवायला फोटो आहेत. समृद्धी महामार्गावर जनावरांसाठी रचना ठरवताना याच संस्थेला बोलावलं गेलं, ते उगीच नाही.

मध्य प्रदेशच्या बाजूचं काम मागाहून झालं, खवाशाच्या पुढं कुरई घाटातून मोहगावकडे जाणारा सुमारे २९ किलोमीटरचा तुकडा. तिथं अंडरपास तर आहेतच, शिवाय रस्त्याच्या कडेला आवाज आणि हेडलाइटचा उजेड अडवणाऱ्या भिंती लावल्यात. रात्री त्या भागातून गेलात तर फरक कळतो. पण मला एक गोष्ट खटकते, एकच रस्ता, एकच वाघ, एकच केंद्रीय यंत्रणा, तरी दोन राज्यांत दोन वेगळ्या वेळी, दोन वेगळ्या कोर्टांतून, दोन वेगळ्या डिझाइननं काम झालं. दोन्ही पेंचच्या अधिकाऱ्यांच्या एकत्र बैठका होतात, एकमेकांच्या वाघांचे फोटो एकमेकांना देतात, तेवढं चांगलं चाललंय. पण रस्त्याच्या डिझाइनच्या टेबलावर दोन्ही राज्यं पहिल्यापासून एकत्र असती तर इकडच्या पुलांनाही त्या भिंती पहिल्या दिवसापासून मिळाल्या असत्या आणि तिकडची काही वर्षं वाचली असती असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता परत त्या मोहाच्या झाडाकडं येतो.

पुलाच्या एका बाजूला व्याघ्र प्रकल्प असला तरी दुसऱ्या बाजूला प्रादेशिक वनविभाग असतो, कुठं वनविकास महामंडळ असतं ज्याचं कामच मुळात साग वाढवून तोडणं आहे, कुठं महसुली झुडपी जंगल, कुठं मालकीची शेती. पूल जिथं उघडतो तिथं पुढच्या दोन-तीनशे मीटरमध्ये एक जरी तारेचं कुंपण, एक जरी ढाबा, एक जरी रिसॉर्टची भिंत उभी राहिली तर वरचे सगळे कोटी वाया. आणि ते उभं राहायला कोणाची परवानगी लागते बघा. बांधकामाची परवानगी आणि एनए महसूल खात्याकडं, ना-हरकत ग्रामपंचायतीची, वीज महावितरणची, महामार्गाला जोडरस्ता हवा तर महामार्ग प्राधिकरणाची. यातला प्रत्येकजण आपापल्या नियमानं बरोबर असू शकतो आणि तरी चौघांच्या सहीनं मिळून वाट बंद होऊ शकते, कारण चौघांपैकी एकाच्याही फॉर्मवर "इथून जनावर जातं का" असा रकाना नाही. इको सेन्सिटिव्ह झोनच्या समितीत महसूल आणि वन एकत्र येतात, पण तो झोन प्रकल्पाच्या भोवती आखलेला असतो, कॉरिडॉर त्याच्या पुढं निघून गेलेला असतो.

विजेचं तर मला फार टोचतं. विदर्भात शेतात डुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येतात, एका रात्रीत हरभरा झोपवतात, वर्षाची कमाई जाते. मग कोणी तरी तारेत करंट सोडतो. त्यात वाघ मेलेत, माणसंही मेलीत. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवून हे थांबत नाही. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते, पण योजना ज्या गावांना लागू आहे त्यांनाच, आणि अंडरपासच्या तोंडाशी असलेलं गाव त्या यादीत असेलच असं नाही. तिथं पण एक पेच आहे, प्रत्येक शेताला कुंपण दिलं तर वाट तिथंच अडते, म्हणून कुंपण कुठं द्यायचं आणि कुठं मोकळा पट्टा ठेवून पिकाची भरपाई द्यायची हे गट नंबर समोर ठेवून, शेतकऱ्याला विचारून ठरवावं लागेल. दिल्लीत किंवा मुंबईत बसून ते ठरणार नाही. ते ग्रामसभेतच ठरू शकतं. वनहक्क कायद्याच्या कलम ५ नं ग्रामसभेला वन आणि वन्यजीव राखायचा अधिकार दिलाय, तो फक्त सांगण्यापुरता राहतो कारण राखण्यासाठी पैसा कोणी देत नाही. व्याघ्र प्रकल्पाच्या फाउंडेशनकडं पर्यटनाचे पैसे जमतात, त्यातला ठरावीक वाटा कॉरिडॉरमधल्या ग्रामसभांकडं का जाऊ नये? ज्या गावाच्या शेतातून वाघ जातो त्या गावाला त्याच वाघाच्या सफारीतून काहीच नाही, हे बरोबर नाही.

शिवाय रस्ता ही एकच रेघ नाही. गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही छोटी गाडी, म्हणजे नॅरोगेज, होती ती ब्रॉडगेज झाली, ती याच कान्हा-पेंच पट्ट्याला कापते, आणि गाड्या आता जोरात धावतात. चंद्रपूर-गोंदिया लाइनवर चिचपल्लीजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाची ३ पिल्लं रेल्वेखाली गेली, तो फोटो मी अजून विसरलो नाहीये. बालाघाट-भंडारा-नागपूर पट्ट्यात मॅंगनीजच्या खाणी आहेत, कालवे आहेत, हाय टेन्शन लाइन आहेत. प्रत्येकाचं मंत्रालय वेगळं, प्रत्येकाची मंजुरीची फाइल वेगळी, आणि प्रत्येक फाइलमध्ये असं धरलेलं असतं की या जंगलातून फक्त हीच एक रेघ जाणार आहे. वाघाला मात्र त्या सगळ्या एकाच रात्री ओलांडायच्या असतात.

मी काही अधिकारी नाही, पण इतकी वर्षं या रस्त्यानं जाता-येता आणि लोकांशी बोलून माझं एक मत झालंय. नवीन प्राधिकरण नको, नवीन कायदाही नको. प्रत्येक अंडरपासमागे एक छोटी समिती हवी, तालुक्याच्या पातळीवर, रामटेकचे तहसीलदार, त्या भागाचे आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल, महामंडळाचा माणूस, महामार्गाचा देखभाल इंजिनियर, महावितरणचा माणूस, आणि दोन्ही बाजूंच्या गावांचे सरपंच. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पुलाखाली उभं राहून बैठक. ऑफिसात नाही, पुलाखालीच. खाली गाळ किती साचला, झुडपं माजलीत का, कोणी ट्रक लावून स्वयंपाक करतंय का, गुरांना रात्री इथून नेऊ नका हे कोणाला सांगायचं, शेजारच्या गट नंबरवर कसला अर्ज आलाय का. आणि त्या गट नंबरांची यादी तलाठ्याच्या दप्तरात लावायची, म्हणजे एनएचा अर्ज आला की तो आपोआप वनखात्याकडं मतासाठी जाईल. एवढंच. याला खर्च जवळजवळ नाही.

गार्डला मी हे त्या दिवशी बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, सरपंच येईल भाऊ, शेतकरी पण येतील, त्यांना रोजच इथून जावं लागते, बाकीच्यांना पत्र कोण पाठवणार ते बघा. मी परत आल्यावर तालुक्याच्या ठिकाणी एका कार्यालयात अर्ज दिला, तिथून सांगितलं हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे, दुसरीकडं गेलो तर त्यांनी पहिल्याकडं बोट दाखवलं. अर्जाची पोच माझ्याकडं आहे. गेल्या महिन्यात त्याची प्रत दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींना नेऊन दिली, त्यातल्या एका सरपंचताईंनी तो विषय येत्या ग्रामसभेच्या अजेंड्यावर घेतलाय, विषय क्रमांक ७, पुलाजवळील शेतजमिनी व वन्यप्राणी मार्ग याबाबत. मी जाणार आहे, गार्डनंही येतो म्हटलंय.